डांबरगोळ्या डोळ्यांना झोंबतात

माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त कोणतं काम केलं असेल, तर रडणारी मुलगी दिसली की तिला न पाहिल्यासारखं करायचं. हे काम कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. मला ते फार छान जमायचं असं मी म्हणणार आहे, कारण निवृत्त माणसाला स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घ्यावी लागते.

मी भिवंडीतल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर होते. म्हणजे नर्स व्हायला आलेल्या मुलींना सकाळी हॉस्पिटलच्या वॉर्डात हाताला धरून काम शिकवायचं आणि दुपारी तेच वर्गात पुस्तकातून शिकवायचं. डॉक्टर होणाऱ्यांच्या कष्टांविषयी पुष्कळ लिहून येतं. नर्स होणाऱ्या मुलीकडे कुणाचं लक्ष जातं ते फक्त "ओ सिस्टर, सलाइन संपली" हे सांगायच्या वेळी. बारावी झालेली, पडघ्याच्या पलीकडच्या एखाद्या गावातून आलेली ही मुलगी. घरी तिने आजारी माणूस म्हणजे तापलेला धाकटा भाऊ तेवढा पाहिलेला. इथे आल्यावर सकाळी ज्या आजोबांना तिने पेज भरवली, त्यांचेच डोळे दुपारी मिटायचे, अंग पुसायचं, पायाचे अंगठे बांधायचे, नातेवाइकांना बाकावर बसवायचं, आणि मग हात धुऊन वर्गात येऊन मूत्रपिंडाची आकृती काढायची. आकृती चुकली की मी ओरडायची ती वेगळी.

'ताण' हा शब्द त्या काळी आमच्या गावात कापड विणायच्या लूमवरच्या धाग्यालाच वापरायचे. मुलींना ताण आलाय असं म्हणायची पद्धत नव्हती. पण असायचा, आणि ज्याची त्याची त्यावरची तोड वेगळी असायची. एक मुलगी चिडली किंवा घाबरली की वॉर्डातले सगळे स्टीलचे ट्रे घासायला घ्यायची. तिच्या परीक्षेच्या दिवसांत आमच्या वॉर्डातल्या ट्रेमध्ये तोंड पाहून कुंकू लावता यायचं. दुसरी एक भूक नसताना भात खायची. तिसरी पेपर संपला की अख्ख्या हॉस्टेलला एसटीत घालून वज्रेश्वरीला न्यायची. तिथल्या गरम कुंडात सगळ्या जणी पाय सोडून बसायच्या. देवीचं दर्शन घ्यायच्या, पण घाईत. खरी भक्ती त्या कुंडावर होती, कारण नर्सचं सगळं दुखणं पायांत साठतं. मलाही बोलवायच्या. मी जायची, आणि त्यांच्यापासून जरा दूर, दुसऱ्या कुंडात पाय सोडायची. ट्यूटरचे पाय दुखतात हे मुलींना कशाला कळायला हवं?

पण ह्या झाल्या वर्षातून दोनदा करायच्या गोष्टी. रोजच्यासाठी लिनन रूम होती.

बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला, कॉरिडॉरच्या वळणावर, चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवायची ती छोटी खोली. खिडकी नाही. दिव्याचं बटण दाराबाहेर. आत छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर धुतलेल्या चादरींच्या चवडी आणि प्रत्येक चवडीत डांबरगोळ्या. तो वास आजही कुठे आला तर मला बरं वाटतं. वॉर्डात रडायला परवानगी नाही, हॉस्टेलमध्ये एका खोलीत चौघी, घरी फोन लावावा तर आई दुप्पट रडणार. तेव्हा मुलगी "चादर आणते" म्हणायची आणि लिनन रूममध्ये जाऊन रडायची.

माझ्याही विद्यार्थिदशेत मी अशाच एका खोलीत रडले आहे. आमच्या मेट्रन केरळच्या होत्या. करारी बाई, मराठी स्वतःच्या हिशेबाने बोलायच्या. मी पुढे ट्यूटर झाले तेव्हा त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "मुलगी रडतो तेव्हा तिकडे एकदम जायचा नाही. आधी आवाज करायचा. तिला तोंड पुसायला टाइम द्यायचा. मग जायचा."

त्यासाठी मी कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधला. औषधांच्या कपाटाच्या, डेमोरूमच्या, वाचनालयाच्या आणि दोन-तीन अशा की ज्यांची कुलपं केव्हाच हरवली होती. कॉरिडॉरच्या वळणाआधीच मी तो जुडगा खळखळ वाजवायला लागायची आणि चाल मंद करायची. मी दारात पोचेपर्यंत आतली मुलगी चादरी मोजत उभी असायची.

"काय गं, डोळे लाल का दिसतात?"

"डांबरगोळ्या झोंबतात, मॅडम."

"जास्तच टाकल्यात. सांगते काढायला."

झालं. एवढाच आमचा संवाद. कितीतरी मुलींशी मी तो केला. डांबरगोळ्या काढायला मी कधीच कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी काढल्याही नाहीत. मुलींच्या बोलण्यात तर 'डांबरगोळी' हा रडण्याला शब्दच होऊन बसला होता. "आज मेडिसिन वॉर्डच्या सिस्टरांनी दोन डांबरगोळ्या दिल्या" असं त्या एकमेकींना सांगायच्या आणि हसायच्या. ज्या गोष्टीला हसता येतं ती निम्मी पचलेली असते, असा माझा अनुभव आहे.

भीती मला न रडणाऱ्या मुलींची वाटायची. सुनंदा म्हणून एक होती, पडघ्याकडची, सदा हसतमुख. "काय जमतं का गं?" विचारलं की "मना काय व्हत न्हाय मॅडम, मजेत हाय" म्हणायची. लिनन रूमकडे कधी फिरकली नाही. एका सोमवारी तिची खाट रिकामी, ट्रंक नाही. वडील येऊन घेऊन गेले. तिच्यात काय साठलं होतं ते मला कधी कळलं नाही. तिची आठवण आली की अजून चुटपुट लागते.

आता रुक्सानाबद्दल. हा लेख लिहायचा तो तिच्यासाठीच, पण त्याआधी बीपी कसा घेतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आता यंत्रं आली, बटण दाबलं की आकडे दिसतात. आमच्या वेळी पाऱ्याचं यंत्र होतं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुग्याने हवा भरायची, की पट्टा रक्ताची वाट आवळून धरतो. मग स्टेथो कोपराच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू हवा सोडायची. पारा खाली यायला लागतो. एका जागी कानात टक, टक, टक सुरू होतं. तो वरचा आकडा. पारा आणखी उतरतो आणि एका जागी टकटक थांबते. तो खालचा आकडा. म्हणजे सगळा खेळ कानाचा.

आणि हा खेळ भिवंडीत! आमच्या हॉस्पिटलच्या दोन्ही अंगांना लूमच्या शेड होत्या. सकाळपासून खटक-खटक, खटक-खटक. आम्हा गाववाल्यांना तो आवाज ऐकूच येत नाही. बंद पडला तरच दचकायला होतं. पण कानात स्टेथो घालून बसलेल्या नवशिक्या मुलीची फार पंचाईत. पहिल्या वर्षाची कुणीतरी हमखास धावत यायची, "मॅडम, त्या बाबांचा बीपी संपतच नाय! पारा खाली टेकला तरी टकटक चालूच हाय!" मी शांतपणे सांगायची, "बाळ, तू बाबांचा नाही, मागच्या शेडचा बीपी घेतलास." दरवर्षी एक तरी मुलगी लूमचा बीपी घ्यायचीच. ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात होत असेल असं मला वाटत नाही.

त्यामुळे बीपी शिकवायची आमची वेळ पुस्तकाने नाही, वीजवाल्यांनी ठरवलेली होती. लाइट गेली की लूम बंद. सगळ्या गावावर शांतता पसरायची आणि मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून हाक द्यायची, "लाइट गेली! चला बीपी!" मुली हातातली कामं टाकून पळत यायच्या. लोक लोडशेडिंगला शिव्या घालायचे, आम्ही वाट बघायचो. शुक्रवारी लूमना सुट्टी असली की मग पर्वणीच.

रुक्साना ह्या गावातलीच. टेमघरच्या बाजूला तिचं घर. खाली चार लूम, वर राहायचं. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्यांचे इथले. अब्बा आणि दोन भाऊ लूमवर. घरातली ही पहिली मुलगी बारावीच्या पुढे शिकणारी. उंच, काटक, कामाला वाघ. समोरच्याच्या तोंडाकडे अगदी एकटक बघून ऐकायची. मला वाटायचं, काय पण लक्ष देऊन ऐकते पोरगी! वर्गात कायम पहिल्या बाकावर. तिचे बीपीचे आकडे बरोबर असायचे, किंवा बरोबरच्या आसपास. आमच्या त्या कलकलाटात आसपास असणं म्हणजे हुशारीच.

तिच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. गरोदर बायकांच्या वॉर्डात तिची ड्युटी होती. दुपारी मी राउंडला निघाले, सवयीने वळणाआधी किल्ल्या वाजवल्या, चाल मंद केली, लिनन रूमच्या दारात पोचले. रुक्साना पाठमोरी, फळीवर डोकं टेकून हुंदके देत होती. मी दारातच थांबले आणि पुन्हा किल्ल्या वाजवल्या. काही नाही. मी खाकरले. तरी नाही. आधी मला राग आला. रडायचं तर रडा, पण आमच्या खेळाचे काही नियम आहेत! मी जुडगा कमरेचा काढून तिच्या डोक्यामागे धरला आणि जोरात हलवला. तिचा केससुद्धा हलला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दोन पावलं मागे गेले आणि बाहेरून दिव्याचं बटण एकदा बंद करून चालू केलं. रुक्साना दचकून वळली. तोंड पुसायला तिला वेळच मिळाला नव्हता.

"डांबरगोळ्या…" ती म्हणाली.

मी आत जाऊन दार लोटलं. तिच्या समोर, तोंड तिच्याकडे करून सावकाश विचारलं, "तुला ऐकू येत नाही ना?"

तिने आधी मान हलवून नाकारलं, मग खाली बसली आणि सगळं सांगितलं. लहानपणी दोन्ही कान वाहायचे. तेल घातलं, कापूस घातला. पुढे वाहायचे थांबले, पण आवाज लांब गेला तो गेलाच. घरात कुणाला कळलंच नाही, कारण लूमच्या घरात कुणी कानाने ऐकतच नाही. सगळे ओठांवरून ओळखतात. बीपी घेताना पारा उतरता उतरता एका जागी बारीक थरथरतो, ते बघून ती वरचा आकडा सांगायची. हाताने नाडी धरून खात्री करायची. खालचा आकडा मात्र अंदाजाने. आणि त्या दिवशी पायाला सूज असलेल्या एका गरोदर बाईचा खालचा आकडा तिने ऐंशी सांगितला होता. थोड्या वेळाने वॉर्डच्या सिस्टरांनी स्वतः बघितला तर तो एकशे दहा निघाला. गरोदर बाईला एवढा बीपी म्हणजे झटके यायचा धोका. लगेच औषध सुरू झालं. बाई सुखरूप होती. सिस्टरांना वाटलं, लूमच्या आवाजात पोरीची गफलत झाली. कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही.

"कुणी बोललं नाय म्हणून तर रडू येतं, मॅडम," ती म्हणाली. "आज वाचली. उद्या माझ्या हातून बाई मरेल. पण प्रिन्सिपल मॅडमना नका ना सांगू. मला काढतील. अब्बा घरी बसवतील."

इथे माझी परीक्षा होती. न पाहिल्यासारखं करण्यात माझा हातखंडा, पण हे न पाहण्यातलं नव्हतं. मी आमचा शिकवायचा स्टेथो आणला. त्याला दोन माणसांसाठी कानाच्या दोन जोड्या असतात. शिकणारी आणि शिकवणारी एकच आवाज एकाच वेळी ऐकतात. माझ्याच दंडाला पट्टा बांधला. "आवाज सुरू झाला की बोट वर कर," म्हटलं. पारा उतरायला लागला. माझ्या कानात टकटक सुरू झाली त्याच क्षणी तिचं बोट वर गेलं. मग मी पुन्हा हवा भरली आणि ह्या वेळी पाऱ्यावर माझा हात आडवा धरला. माझ्या कानात टकटक सुरू झाली, चालू राहिली, थांबली. रुक्सानाचं बोट मांडीवरच होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तिथे तरी काही दिसतंय का म्हणून. मला भडभडून आलं.

"सांगावं लागेल गं," मी म्हटलं. "पण मी तुझ्या बाजूने सांगेन."

प्रिन्सिपल मॅडम कडक होत्या, वाईट नव्हत्या. नियमाने ती मुलगी अपात्र होती. मी पुष्कळ डोकं खाल्लं तेव्हा त्या म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरांना दाखवा. बरं होण्यासारखं असेल आणि घरचे उपचार करणार असतील, तर नाव काढत नाही, पुढच्या बॅचला घेते. तोपर्यंत बीपीला हात लावायचा नाही." कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही पडदे फाटलेत. उजव्याला ठिगळ लावता येईल, तो चांगला होईल. डावा फार गेलाय, आणि लूमच्या आवाजाने आतली नसही दमलीय. तिकडे मशीन लागेल. आता राहिले अब्बा.

मी तिच्या घरी गेले. दुपारची वेळ, चारही लूम चालू. दारात उभी राहून मी "नमस्कार" म्हटलं ते मलाच ऐकू आलं नाही. शेवटच्या लूमपाशी अब्बा उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवले. पलीकडून तिच्या अम्मीने ओठ हलवून उत्तर दिलं. भाऊ हसला. त्याने बोटांनी काहीतरी खूण केली, त्यावर सगळेच हसले. मी घसा ताणून ओरडत होते आणि मला कुणाचंही एक अक्षर कळत नव्हतं. त्या घरात बहिरी मी एकटीच होते. रुक्साना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अब्बा म्हणतात, बाईंना आधी चहा द्या. ओरडून ओरडून घसा बसेल त्यांचा."

अब्बांनी लूम बंद केले. शांत झालं तरी ते त्याच पट्टीत ओरडून बोलत राहिले. "बाई, आमच्याकडं कोण बहिरा हाय? सगळे असेच ऐकतात. माझे अब्बापण असेच ऐकायचे. ह्यात बीमारी कसली? आणि कानात मशीन लावलेल्या पोरीला उद्या कोण बघायला येईल? मॅडम, तुमची मेहरबानी, पण ह्या लफड्यात आम्हाला पाडू नका."

मी डॉक्टरांचं सगळं सांगून पाहिलं. ते नम्रपणे ऐकत होते आणि ऐकत नव्हते. अम्मी पदराशी चाळा करत उभी होती. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात रुक्साना मध्ये आली.

"अब्बा," ती म्हणाली, "एक बाई होती. पोटुशी. मी तिचा आकडा अंदाजाने सांगितला. मला आवाज आला नव्हता, तरी आला म्हणून सांगितलं."

अब्बा तिच्याकडे वळले. "आला नाय, तरी आला म्हणून सांगितलंस?"

"हां."

"आणि बाई?"

"वाचली. दुसऱ्या सिस्टरनी बघितलं म्हणून."

अब्बांनी मुलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या लूमवरच्या अर्ध्या विणलेल्या कापडाकडे. बराच वेळ ते त्या कापडावरून अंगठा फिरवत राहिले. "धागा तुटलेला कापड मी कधी पास करून दिला नाय," ते हळू आवाजात म्हणाले. मी त्यांचा हळू आवाज पहिल्यांदाच ऐकला. "तुटला की लूम थांबवतो. गाठ मारतो. मग चालू करतो." ते माझ्याकडे वळले. "बाई, गाठ बसेल ना नीट?"

"बसेल," मी म्हटलं.

"मग मारा गाठ. लग्नाचं अल्ला बघेल."

अम्मी आत गेली ती चहा घेऊनच बाहेर आली. तिचेही डोळे लाल होते. तिच्या घरात डांबरगोळ्या नसाव्यात, पण मी काही विचारलं नाही.

ऑपरेशन झालं. जखम भरेपर्यंत रुक्साना वर्गात बसायची, वॉर्डात मात्र चादरी बदलणं, पेज भरवणं एवढंच. बरोबरीच्या मुली पुढे गेल्या आणि ही मागच्या बॅचमध्ये राहिली, हे तिला फार लागलं होतं. लिनन रूममध्ये ती त्या दिवसांत पुष्कळदा असायची. मी आता वळणावर किल्ल्या वाजवायची आणि दारात आले की दिव्याचं बटणही एकदा खालीवर करायची. किल्ल्या इतरांसाठी, दिवा तिच्यासाठी. नंतर सवयच लागली. आत कुणीही असलं तरी दोन्ही करायची. मुलींना वाटायचं, म्हातारपणी बाईंना बटणांचा चाळा लागला.

एक दिवस मी व्हरांड्यातून चालले होते. मागून धावत कुणी आलं. रुक्साना होती, डाव्या कानात नवीन मशीन, ओढणी मागे सारलेली.

"मॅडम! तुमच्या किल्ल्या वाजतात!"

"मग? किल्ल्या वाजणारच."

"म्हणून होय सगळ्या तुम्हाला खुळखुळा म्हणतात! मला वाटायचं तुम्ही लय बोलता म्हणून."

अशा रीतीने, इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर, मला माझं टोपणनाव कळलं. तिला आपण काय बोलून बसलो ते उशिरा कळलं आणि ती तोंडावर हात ठेवून पळाली. मी ऑफिसात जाऊन दार लावून खूप हसले. दोन्ही अर्थांनी नाव बरोबरच होतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षक बाई आल्या होत्या. रुक्सानाला नेमका बीपी आला. लूम जोरात चालू होते. परीक्षक बाई वैतागून म्हणाल्या, "ह्या आवाजात कसं ऐकणार ही? खिडक्या लावा."

"नको मॅडम," रुक्साना म्हणाली. "लूम मला जन्मापासून ओळखीचा आहे. त्याचा टक वेगळा, पेशंटचा वेगळा." तिने स्टेथो लावला, डोळे मिटले. मुद्दाम मिटले, मी बघत होते. पाऱ्याकडे बघायचंच नव्हतं तिला. आवाज सुरू झाला तेव्हा डोळे उघडून आकडा पाहिला, पुन्हा मिटले, थांबला तेव्हा पुन्हा उघडले. दोन्ही आकडे सांगितले. परीक्षक बाईंनी स्वतः घेऊन पाहिला आणि मान डोलावली. मी बाहेर येऊन थेट लिनन रूममध्ये गेले. त्या दिवशी डांबरगोळ्या मला झोंबल्या. किल्ल्या माझ्याच कमरेला असल्यामुळे वाजवायला कुणी नव्हतं.

आता हे सगळं मागे पडलं. मुलींसाठी समुपदेशक येतात, ताणावर व्याख्यानं होतात, आणि हे चांगलंच आहे. आमच्या वेळी असतं तर कदाचित सुनंदा गेली नसती. लिनन रूमची जागाही गेली; कपडे आता बाहेरून धुऊन पॅक होऊन येतात. हल्लीच्या मुली कुठे जाऊन रडतात कुणास ठाऊक. मोबाईलवर रडत असाव्यात.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गावातल्याच एका खाजगी हॉस्पिटलात. दुसऱ्या दिवशी मला बेडपॅन लागलं. आयुष्यभर मी मुलींना बेडपॅन द्यायला शिकवलं. पेशंटला एका कुशीवर कसं वळवायचं, चादर कशी धरायची, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी खिडकीकडे बघायचं, पेशंटकडे नाही. एक कोवळी मुलगी आली, शिकाऊच होती. तिने सगळं अगदी बिनचूक केलं आणि खिडकीकडे बघत उभी राहिली. ती गेली आणि मी रडायला लागले. दुखत होतं म्हणून नाही. आपण आता त्या बाजूला आलो, चादरीखालच्या, म्हणून. भरदुपारी, एकटी, हमसून हमसून रडले.

तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये किल्ल्या वाजल्या. खळखळ, खळखळ, अगदी सावकाश जवळ येत. दारापाशी आल्यावर खोलीतली ट्यूबलाइट एकदा बंद झाली आणि पुन्हा लागली. मी घाईघाईने चादरीच्या टोकाने तोंड पुसलं.

पडदा सारून त्या मजल्याच्या इन्चार्ज सिस्टर आत आल्या. उंच, काटक, केस थोडे पांढरे, डाव्या कानात मशीन. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. एवढ्या किल्ल्यांची कपाटं त्या मजल्यावर नक्कीच नव्हती.

"काय मॅडम, डोळे लाल का दिसतात?" रुक्सानाने विचारलं.

खोलीत स्पिरिटचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता.

"डांबरगोळ्या झोंबतात गं," मी म्हटलं.

तिने भिंतीतल्या रिकाम्या कपाटाकडे बघून गंभीरपणे मान हलवली.

"जास्तच टाकल्यात," ती म्हणाली. "सांगते काढायला."